मासे का मेले?

मांजरी बुद्रुकला राहणारा आठवीतला एक मुलगा एका संध्याकाळी भिंतीवरची दिनदर्शिका काखोटीला मारून माझ्याकडे आला. जूनच्या पानावर लाल शाईने फुल्या मारलेल्या होत्या. एक फुली म्हणजे एक मेलेला मासा.

१ तारखेला रविवार होता. त्या दिवशी त्याने साठवलेल्या पैशांतून आठ मासे आणले : चार गप्पी, दोन मोली आणि दोन गोल्डफिश. २ तारखेच्या सकाळी दोन गप्पी पाण्यावर उताणे तरंगत होते. पुढचे तीन दिवस कोरे. मग ६, ७ आणि ८ तारखांना मिळून चार फुल्या. ८ तारखेला पुन्हा रविवार. मुलाने टाकी रिकामी करून, घासूनपुसून लख्ख केली, नवे पाणी भरले आणि आणखी चार मासे आणले. १३ व १४ तारखेला तीन फुल्या. त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे शांतता आणि २७ तारखेला एकदम दोन. बारा माशांपैकी अकरा गेले. एक काळी मोली तेवढी उरली.

त्याच्या धाकट्या बहिणीने प्रत्येक माशाला नाव ठेवले होते. आता ती टाकीच्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हती. आजीचे म्हणणे, "आपल्या घराला मासे लाभत नाहीत रे बाळा." वडिलांच्या मते दुकानदाराने आजारी मासे गळ्यात मारले होते. आणि मुलगा म्हणत होता, "काका, पाणी तर आरशासारखे स्वच्छ होते. माशांच्या अंगावर रोगाची एकही खूण नव्हती. मग मेले कशाने?"

वाचकहो, हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांना पडला असेल. नवे मासे आणावेत, आठवड्याभरात ते मरावेत आणि कारण कळू नये, हा अनुभव इतका सर्वत्र येतो की बहुतेक जण दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला टाकी माळ्यावर टाकून देतात. परंतु या मुलाने नकळत एक मोलाचे काम केले होते. त्याने तारखा लिहून ठेवल्या होत्या. मासा कशाने मेला हे त्याच्याकडे पाहून सहसा सांगता येत नाही. मात्र टाकीत आल्यानंतर तो कितव्या दिवशी मेला, हे कळले तर कारण बरेचसे जवळ येते. म्हणून आपणही ते जूनचे पान समोर ठेवूनच चालू या.

पहिल्या रात्री मेलेल्या दोन गप्पींपासून सुरुवात करू. एका रात्रीत मासा मरतो तो रोगाने क्वचितच. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना त्याला धक्का बसलेला असतो, किंवा नव्या पाण्यातच काही विषारी असते. मी मुलाला विचारले, "टाकीत पाणी कोठले भरले होतेस?" तो म्हणाला, "टँकरचे. त्याच दिवशी सकाळी आले होते."

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आली. तरी अशा नव्या वस्त्यांमध्ये एकाच घरात कधी नळाचे, कधी बोअरचे तर कधी टँकरचे पाणी येते, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. माणसांना या तिन्हींत चवीपुरताच फरक जाणवतो. माशाच्या दृष्टीने ती तीन वेगवेगळी जगे आहेत.

टँकरच्या किंवा विहिरीच्या पाण्यात पुष्कळदा टीसीएल पावडर टाकलेली असते. तिच्यातून क्लोरीन सुटतो आणि रोगजंतू मरतात. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी मुक्त क्लोरीन शिल्लक राहावा, असे आपले राष्ट्रीय मानक सांगते. एवढ्या क्लोरीनने आपल्याला काही होत नाही, कारण तो पोटात जातो आणि तेथे लगेच निष्प्रभ होतो. माशाचे कल्ले मात्र सतत त्या पाण्यातच असतात. कल्ल्यांचे पापुद्रे कागदाहूनही पातळ असतात, कारण त्यांतूनच प्राणवायू रक्तात शिरायचा असतो. क्लोरीन हे पापुद्रे जाळतो. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहूनही कमी क्लोरीन नाजूक माशांना मारक ठरतो. म्हणजे आपल्यासाठी सुरक्षित केलेले पाणीच माशासाठी घातक असते.

उपाय सोपा आहे. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवा, क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपोचे दोन-चार बारीक खडे पुरतात. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी फोटोग्राफर अंधाऱ्या खोलीत फोटो पक्का करण्यासाठी जे वापरत तेच हे. माशांच्या दुकानात क्लोरीन घालवण्याचे जे थेंब मिळतात, त्यांतही बहुधा तेच असते.

क्लोरीनखेरीज धक्का देणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक तापमान. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी आणि पिशवीतले पाणी यांत सहा-सात अंशांचा फरक सहज पडतो. दुसरी गोष्ट विरघळलेले क्षार, आणि ती जरा नीट समजून घेण्यासारखी आहे.

पुण्याच्या पूर्वेकडचा हा सगळा भाग बेसॉल्ट खडकावर बसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. बोअरचे पाणी तापवलेल्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो तो याचाच. द्राक्षबागाईतदारांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. खारवट पाण्यात द्राक्षाच्या स्वतःच्या मुळांना त्रास होतो, म्हणून महाराष्ट्रात डॉगरिज नावाच्या जंगली जातीच्या खुंटावर कलमे बांधतात. मांजरीतच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या शेतांची शाळेने सहल काढली तर हे खुंट पाहायला मिळतील. माशाला मात्र खुंट बदलून मिळत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार पुष्कळ जास्त असतात. परासरणाचा नियम तुम्ही शिकला आहात. त्यानुसार बाहेरचे पाणी कल्ल्यांतून व त्वचेतून सारखे आत शिरत राहते. मासा ते पातळ लघवीवाटे सारखे बाहेर टाकतो आणि हरवलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींच्या साहाय्याने पाण्यातून पुन्हा ओढून घेतो. हे यंत्र ज्या पाण्यात मासा राहतो त्या पाण्याला जुळवलेले असते. पाणी हळूहळू बदलले तर यंत्रही जुळवून घेते. एका मिनिटात बदलले तर त्याचा तोल जातो, आणि मासा चार-सहा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मरतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

आता त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत काय घडते तेही पाहा. आपल्या देशात शोभेच्या माशांची पैदास मोठ्या प्रमाणावर कोलकात्याच्या परिसरात आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात होते. तिथून निघालेला मासा घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकान अशा दोन-तीन मुक्कामांनंतर तुमच्या हाती येतो. बंद पिशवीत मासा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते. त्याच वेळी तो अमोनियाही सोडतो, पण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जवळजवळ निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवीचे तोंड उघडले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचे आम्ल कमी होते आणि साठलेला अमोनिया विषारी रूपात येऊ लागतो. लांबच्या प्रवासात टिकलेला मासा घरी येऊन पिशवी उघडल्यावर मरतो त्याचे हे एक कारण.

म्हणून हडपसरहून अर्ध्या तासात घरी आणलेली पिशवी असेल, तर ती बंदच ठेवून टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्या. नंतर उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतले वाटीभर पाणी तिच्यात घाला. अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतले पाणी ओतून द्या. पिशवी पंधरा-वीस तासांच्या प्रवासाची असेल, तर मात्र तापमान जुळल्यावर तोंड उघडताच मासे चटकन जाळीने टाकीत न्या, वाटी-वाटीचा खेळ तिथे करू नका.

पहिल्या रात्रीचे कोडे असे सुटले. पण ते तीन कोरे दिवस आणि त्यानंतरच्या चार फुल्या यांचे काय? खरी गोष्ट तेथेच सुरू होते.

गाय-बैल, कुत्रा किंवा माणूस शरीरातल्या प्रथिनांचा नायट्रोजनयुक्त कचरा युरियाच्या रूपाने बाहेर टाकतात. मासा तो मुख्यतः सरळ अमोनियाच्या रूपाने आणि तोही कल्ल्यांवाटे टाकतो. नदीत किंवा तळ्यात हे परवडते, कारण पाणी अफाट असते. टाकीत किती असते ते मोजू. मुलाची टाकी ४५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि ३० उंच होती. गुणाकार करून १००० ने भागले की सुमारे ३४ लिटर येतात. खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी फार तर २८ लिटर.

आता खाद्याकडे वळू. समजा, दिवसभरात चार-पाच चिमटी मिळून एक ग्रॅम खाद्य पडले. माशांच्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिन असते आणि प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपाने पाण्यात आला, तरी ३२ मिलिग्रॅम झाला. २८ लिटरांत वाटला तर लिटरमागे एक मिलिग्रॅमहून थोडा अधिक. हे झाले एका दिवसाचे. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा कुठवर जाईल, ते तुम्हीच मांडून पाहा. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, त्यातूनही अमोनियाच सुटतो. या साऱ्या काळात पाणी आरशासारखे स्वच्छ असते, कारण विरघळलेल्या अमोनियाला रंग नाही आणि इतक्या कमी प्रमाणात त्याचा वासही येत नाही.

इथे पाण्याचा सामू महत्त्वाचा ठरतो. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा म्हणजे सामू. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो : एक भारित अमोनियम आयन, जो कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो शिरतो व विषारी असतो. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. सामू ८ झाला की तोच सुमारे पाच टक्के होतो. आकडा एकने वाढला आणि विष दहापट झाले! बेसॉल्टमधल्या बोअरच्या पाण्याचा सामू पुष्कळदा ८ च्या आसपास असतो. मुक्त अमोनिया लिटरमागे ०.०२ ते ०.०५ मिलिग्रॅम झाला की कल्ल्यांना इजा होऊ लागते. वरच्या हिशेबातला एका दिवसाचा एक मिलिग्रॅम घ्या आणि त्याचे पाच टक्के काढा. ०.०५ येतात. याचा अर्थ, मऊ पाण्याच्या गावी आठवडाभर खपून जाईल असे खाद्य बोअरच्या पाण्यात दुसऱ्या दिवसापासूनच माशांना इजा करू लागेल. ६, ७ आणि ८ तारखांच्या चार फुल्या या अमोनियाच्या होत्या. दोन्ही गोल्डफिश त्यांत गेले, हेही जुळते. गोल्डफिश भरपूर खातो, भरपूर अमोनिया सोडतो आणि खरे तर २८ लिटरांच्या टाकीत तो ठेवूच नये.

मग जुन्या टाक्यांमधले मासे वर्षानुवर्षे कसे जगतात? तेही खातात, तेही अमोनिया सोडतात. या प्रश्नाचे उत्तर माशांच्या अभ्यासकांनी शोधलेले नाही. ते सापडले सांडपाण्यात.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्त्झ या दोघा शास्त्रज्ञांनी एका लांब काचेच्या नळीत वाळू व चुनखडी भरली आणि तिच्यातून गटाराचे पाणी अगदी सावकाश झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच झाले नाही. वरून गेलेला अमोनिया खाली तसाच बाहेर येई. मग अचानक अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. ही नुसती रासायनिक क्रिया असती, तर पहिल्याच दिवशी घडायला हवी होती. वीस दिवस कशाची वाट पाहिली गेली? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म जिवंत पेशींना गुंगवतो. नंतर त्यांनी थोडी ताजी माती कालवलेले पाणी ओतले आणि काही दिवसांनी क्रिया पुन्हा सुरू झाली. निष्कर्ष उघड होता : वाळूत कोणीतरी सजीव होते आणि त्यांची संख्या वाढायला वीस दिवस लागले होते. मला विचाराल तर, शाळेत शिकवण्यासारखा इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच सापडेल.

पुढे १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये हे जीवाणू वेगळे करून वाढवले. काम दोन टप्प्यांत चालते, असे दिसून आले. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट माशांना बरेच सोसते आणि टाकीतल्या वनस्पती ते खत म्हणून वापरतात. अलीकडे, २०१५ साली, दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे जीवाणूही सापडले, आणि त्यांतल्या एका गटाला ते माशांच्या संवर्धनकेंद्राच्या फिल्टरमध्ये मिळाले! मांजरीच्या पुलावरून खाली मुळा-मुठेचे काळसर पाणी व जलपर्णी दिसते ना? शहराच्या सांडपाण्यातला अमोनिया त्या नदीत उतरतो तेव्हा त्याची विल्हेवाट लावणारेही हेच जीवाणू. पण त्यांना प्राणवायू लागतो, आणि मैल्याने भरलेल्या पाण्यात तोच संपलेला असतो.

या जीवाणूंचा एक मोठा दोष म्हणजे ते फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जीवाणू अनुकूल स्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना दुप्पट व्हायला अर्ध्या दिवसापासून एक-दीड दिवसापर्यंत वेळ लागतो. त्यामुळे नव्या टाकीत अमोनिया आधी वाढतो आणि तो खाणारे मागाहून येतात. अमोनिया पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते, आणि तेही उतरेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. हे जीवाणू पाण्यात फारसे पोहत राहत नाहीत. खडीवर, काचेवर आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजवर ते बुळबुळीत थर करून चिकटून बसतात.

आता ८ तारखेच्या त्या रविवारी काय झाले, ते तुमच्या लक्षात आले असेल. मुलाने खडी बादलीत टाकून खसाखसा धुतली, स्पंज साबणाने पिळून काढला, काच चमकवली आणि टँकरचे ताजे पाणी भरले. आठवडाभरात जेवढे जीवाणू जमले होते तेवढे मोरीतून वाहून गेले. घड्याळ पुन्हा शून्यावर आले. पाच दिवसांनी, १३ तारखेला, पुन्हा फुल्या सुरू. पहिल्या खेपेलाही अमोनियाच्या फुल्या बरोबर पाच दिवसांनीच सुरू झाल्या होत्या. हे त्याला दाखवले तेव्हा तो बराच वेळ पानाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मीच मारले." मी त्याला सांगितले, तू घाण साफ केलीस, कोणीही तेच केले असते. हे शिकवणारे कोणी भेटले नव्हते, एवढेच.

राहिली २७ तारीख. नव्याने भरलेल्या टाकीचा तो एकोणिसावा दिवस. त्या दिवशीचे मासे कसे वागत होते, असे मी विचारले. "वर येऊन तोंडाने हवा पीत होते. पंप तर चालू होता." हे वर्णन ऐकले की नायट्राइटचा संशय घ्यावा. कल्ल्यांतल्या ज्या पेशी पाण्यातून क्लोराइड ओढून घेतात, त्यांच्याच वाटेने नायट्राइट रक्तात घुसते. तिथे ते हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण करते. असे बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, रक्त तपकिरी पडते आणि भोवती प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. उपायही याच माहितीत दडलेला आहे. पाण्यात क्लोराइड वाढवले तर त्या वाटेवर गर्दी होते आणि नायट्राइट कमी शिरते. दहा लिटर पाण्याला पाच ग्रॅम खडेमीठ, वेगळे विरघळवून हळूहळू घातलेले, गप्पी-मोलींच्या टाकीत चांगले काम करते. काही जातींना मीठ सोसत नाही, म्हणून आधी चौकशी करावी. मोली ही मुळात किनारपट्टीच्या मचूळ पाण्यातही राहणारी जात आहे. ती एकटीच उरली यात नवल नाही.

सर्व मृत्यूंचा दोष जीवाणूंच्या अभावावर टाकू नये, हेही खरे. मासा आल्यानंतर आठवड्याभरात त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो एका सूक्ष्म परजीवीचा रोग आहे आणि त्याला औषध लागते. नवे मासे पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात ठेवले तर तो मुख्य टाकीत पोचत नाही. पण खूण दिसत नसताना केवळ भीतीने निळे औषध ओतू नका. ते स्पंजमधल्या जीवाणूंनाही मारते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. डास मारण्याची वडी, द्रव किंवा फवारा यांतील द्रव्ये माशांना अतिशय विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात ढकलतो. शेतात औषध फवारून आलेला हात टाकीत घालू नये, हे मांजरीसारख्या भाजीपाल्याच्या गावात तरी सांगायलाच हवे. शिवाय उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. वीज गेल्यावर गर्दीच्या टाकीतले मासे आधी जातात, ते यामुळे.

मुलाने मग काय केले ते सांगतो, कारण तुम्हालाही तसे करता येईल. काळी मोली एका मित्राच्या दोन वर्षे चाललेल्या टाकीत पाहुणी म्हणून पाठवली. रिकाम्या टाकीत एक दिवस ठेवलेले पाणी भरले, पंप व स्पंज चालू केला आणि मासा नसतानाच रोज चिमूटभर खाद्य टाकू लागला. ते कुजून अमोनिया होतो, म्हणजे जीवाणूंना जेवण मिळते. मित्राच्या टाकीतला जुना स्पंज त्याने आपल्या टाकीच्या पाण्यात पिळला. श्लोसिंग व म्युन्त्झ यांच्या मातीचे काम या पिळलेल्या गाळाने केले. दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या संचाने तो दर तिसऱ्या दिवशी अमोनिया व नायट्राइट मोजी आणि आकडे दिनदर्शिकेवर लिही. बोअरच्या कठीण पाण्याचा इथे फायदाच झाला. या जीवाणूंच्या कामात आम्ल तयार होते व ते आवरायला पाण्यातले बायकार्बोनेट उपयोगी पडते. अमोनियाचा आकडा चढला, मग उतरला. नायट्राइटचा चढला आणि पाचव्या आठवड्यात शून्यावर आला. आलेखाच्या कागदावर या दोन रेषा काढल्या तर दोन टेकड्या एकीमागे एक उभ्या राहतात. विज्ञान प्रदर्शनासाठी शिक्षकांना हा प्रयोग घेता येईल, त्यात एकाही माशाचा जीव जात नाही.

मग त्याने निम्मे पाणी बदलले, मोलीला परत आणले आणि फक्त दोन गप्पी घेतले. निऑन टेट्रा घ्यायचा बहिणीचा हट्ट होता. पण तो अ‍ॅमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला मासा, बोअरच्या पाण्यात त्याला आणू नये. गप्पी, मोली व प्लॅटी यांना कठीण पाणी मानवते. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने आणखी चार मासे आले. आता दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलले जाते. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच, आणि तोही दोनदा पिळून पुरे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य, आणि ते घालण्याचे काम बहिणीकडे आहे.

दिवाळीच्या सुमारास गप्पींना पिले झाली. गप्पींची पिले भराभर वाढतात, आणि "काका, जास्तीची नदीत सोडू का?" असे त्याने विचारलेच. नदीत, कालव्यात किंवा विहिरीत मुळीच सोडू नयेत. मुळा-मुठेतल्या देशी माशांना आधीच जागा उरलेली नाही, त्यात परदेशी माशांची भर नको. शाळेतल्या ज्या मित्रांनी मागितली त्यांना त्याने ती वाटून टाकली, आणि प्रत्येकाला पिशवीबरोबर आपल्या टाकीतल्या जुन्या स्पंजाचा बोटभर तुकडाही कापून दिला.